‘स्ट्रीट फायटर २’: आर्केड आणि घरच्या व्हर्जनांची तुलना कशी करावी

यूट्यूबवर ‘स्ट्रीट फायटर २’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या तुलनेचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. स्क्रीनचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात वेगळ्या यंत्रावरचा रियू हा फायटर, आणि खाली कमेंटमध्ये सुपर निन्टेंडोवाले आणि सेगावाले (घरी टीव्हीला जोडायची दोन प्रतिस्पर्धी यंत्रं) यांची जुंपलेली. मजा येते, पण हाती फारसं काही लागत नाही, कारण हे व्हिडिओ चित्रं शेजारी-शेजारी मांडतात आणि तिथेच थांबतात. फायटिंग गेमची पारख बघून होत नाही, खेळून होते. म्हणून नव्याने या वाटेला लागणाऱ्यांनी क्रम पक्का ठेवावा: आधी मूळ गेम कोणता ते ठरवायचं, मग हात, मग वेग, डोळे आणि कान सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात.

पायरी १: समोरचं व्हर्जन कशाची नक्कल आहे ते ओळखा

‘स्ट्रीट फायटर २’ म्हणजे एकच आर्केड गेम नव्हे. कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने १९९१ ते १९९४ या काळात त्याच्या पाच आवृत्त्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांवर, उतरवल्या. पहिली १९९१ची ‘द वर्ल्ड वॉरियर’. तिच्यात आठच फायटर निवडता येतात. बॉक्सर, पंजेवाला, सागात आणि शेवटचा हुकूमशहा हे चौघे बॉस फक्त कॉम्प्युटरच्या हातात. १९९२ची ‘चॅम्पियन एडिशन’ हे चौघे तुमच्या हातात देते, शिवाय रियूविरुद्ध रियू अशी लढतही लावता येते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘हायपर फायटिंग’ आली, जिला लोक टर्बो म्हणतात. ती येण्यामागचं कारण गमतीचं आहे. आर्केडांमध्ये ‘चॅम्पियन एडिशन’च्या छेडछाड केलेल्या चिप्स फिरू लागल्या होत्या. त्यांतली ‘रेनबो एडिशन’ सगळ्यांत बदनाम: भन्नाट वेग आणि हवेतल्या हवेत हाडोकेन (रियू फेकतो तो ऊर्जेचा गोळा). कॅपकॉमने मग स्वतःच वेग वाढवला आणि काही नवे डाव घातले. १९९३ची ‘सुपर’ नव्या सीपीएस-२ बोर्डावर (कॅपकॉमच्या आर्केड यंत्रातलं सर्किट) आली आणि तिने चार नवे फायटर आणले, एकूण सोळा. १९९४च्या ‘सुपर टर्बो’त सुपर कॉम्बोची पट्टी आली आणि लपवलेला अकुमा आला.

ओळखायची सोपी रीत अशी. फायटर निवडायच्या पडद्यावर चेहरे मोजा. आठ असतील तर ‘वर्ल्ड वॉरियर’. बारा असतील तर चुन-ली घ्या आणि तिला हातातून ऊर्जेचा गोळा फेकता येतो का बघा. येत असेल तर टर्बो, नसेल तर ‘चॅम्पियन’. सोळा असतील तर लढत सुरू करून खाली सुपर कॉम्बोची पट्टी आहे का पाहा: असली तर ‘सुपर टर्बो’, नसली तर ‘सुपर’.

एक छोटी अडचण इथेच सांगून टाकतो. जपानी आणि बाहेरच्या व्हर्जनांमध्ये तीन बॉसची नावं आपापसांत फिरवलेली आहेत. जपानमध्ये बॉक्सरचं नाव एम. बायसन होतं, ते माइक टायसनच्या फार जवळ जात होतं, आणि अमेरिकेत खटला नको म्हणून अदलाबदल झाली. म्हणून जुने खेळाडू नावं घेतच नाहीत, सरळ बॉक्सर, क्लॉ, डिक्टेटर म्हणतात. तुम्हीही तुमच्या नोंदींत तसंच लिहा, नाहीतर जपानी कॅसेट हाती आली की सगळा घोळ.

पायरी २: बरोबरीच्या जोड्या लावा

इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो. सुपर निन्टेंडोवरचं पहिलं व्हर्जन १९९२चं, १६ मेगाबिट क्षमतेच्या कार्ट्रिजवर, आणि ते ‘वर्ल्ड वॉरियर’ची नक्कल आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर कॅपकॉम आलं ते थेट १९९३मध्ये, २४ मेगाबिट घेऊन, ‘स्पेशल चॅम्पियन एडिशन’ या नावाने. या दोघांना शेजारी बसवून ‘बघा, सेगावर बारा फायटर’ म्हणणं म्हणजे बिनकामाची तुलना. मेगा ड्राइव्हच्या ‘स्पेशल चॅम्पियन’ची खरी जोडी सुपर निन्टेंडोच्या ‘टर्बो’शी आहे. तीही १९९३ची, २० मेगाबिट, आणि दोन्हींत ‘चॅम्पियन’चा साधा आणि ‘हायपर’चा वेगवान असे दोन्ही मोड आहेत. जपानमध्ये त्याच वर्षी पीसी इंजिन या घरच्या यंत्रावर ‘चॅम्पियन एडिशन’ निघाली, तीही २० मेगाबिटच्या ह्यूकार्डावर (त्या यंत्राचं कार्डासारखं कार्ट्रिज). तिला ‘टर्बो’शी भिडवू नका, ‘टर्बो’च्या साध्या मोडशी भिडवा.

‘सुपर’ १९९४मध्ये दोन्ही यंत्रांवर आली, निन्टेंडोवर ३२ मेगाबिट आणि सेगावर ४०. ‘सुपर टर्बो’ मात्र या दोन्ही यंत्रांवर आलीच नाही. ती हवी असेल तर १९९४चं थ्रीडीओ यंत्रावरचं व्हर्जन, १९९७चं ‘स्ट्रीट फायटर कलेक्शन’ (प्लेस्टेशन आणि सॅटर्न), किंवा २०००च्या अखेरीस फक्त जपानमध्ये निघालेलं ड्रीमकास्टचं व्हर्जन.

आता आपल्याकडच्या वाचकांसाठी. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत जो ‘टीव्ही गेम’ होता तो ८-बिट निन्टेंडोची नक्कल होता, आणि त्याच्या कॅसेटींवर रियू-केनची चित्रं सर्रास चिकटवलेली असायची. कॅपकॉमने त्या यंत्रासाठी ‘स्ट्रीट फायटर २’ कधी काढलाच नाही. त्या सगळ्या कॅसेटी परवान्याशिवाय दुसऱ्यांनीच बनवलेल्या. त्यांचा छंद वेगळा आणि मस्त आहे, पण या तुलनेत त्यांना जागा नाही. सेगाची यंत्रं मात्र भारतात रीतसर विकली जायची, शॉ वॉलेस या कंपनीमार्फत. त्यामुळे एखाद्याच्या माळ्यावर अस्सल मेगा ड्राइव्ह निघण्याची शक्यता शून्य नाही. निघाला तर चौथी पायरी नीट वाचा.

पायरी ३: हात

ही पायरी घाईत उरकू नका. आर्केडमध्ये एक जॉयस्टिक आणि सहा बटणं: वरच्या ओळीत हलका, मध्यम आणि जोरदार ठोसा, खालच्या ओळीत तशाच तीन लाथा. गेमची सगळी मांडणी या सहा बटणांवर उभी आहे. त्यामुळे घरच्या यंत्रावर ही सहा बटणं कुठे गेली, हा पहिला प्रश्न.

सुपर निन्टेंडोच्या पॅडवर वर चार बटणं आणि खांद्यावर दोन. मूळ मांडणीत वाय, एक्स, एल हे ठोसे आणि बी, ए, आर या लाथा. कागदावर सहाच्या सहा बसली. पण पॅड हातात धरून बघा: जोरदार ठोसा एलवर आहे, म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीवर. आणि त्याच डाव्या हाताचा अंगठा खाली, पुढे-खाली, पुढे अशी दिशा फिरवतोय. जोरदार हाडोकेन मारायचा तर दोन्ही कामं एकाच हाताला एकाच क्षणी करावी लागतात. आर्केडमध्ये डावा हात दिशेचा आणि उजवा बटणांचा, कामाची वाटणी स्वच्छ. हा फरक कोणत्याही व्हिडिओत दिसणार नाही, अंगठ्याला मात्र पाच मिनिटांत कळतो. ऑप्शनमध्ये जाऊन जोरदार ठोसा वरच्या चार बटणांपैकी एकावर आणा आणि तुम्ही कमी वापरता ते बटण एलवर पाठवा. तुलना करायच्या आधी एवढं कराच.

मेगा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या पॅडवर तीनच बटणं. तिथे कॅपकॉमने उपाय काढला तो असा की तीन बटणं एका वेळी एकतर ठोसे किंवा लाथा, आणि मध्ये बदलायला स्टार्ट दाबायचं. म्हणजे खाली बसून लाथ आणि लगेच हाडोकेन, या साध्या जोडीसाठीही अंगठा मध्येच स्टार्टपर्यंत न्यायचा. सेगाने १९९३मध्ये सहा बटणांचा पॅड काढला आणि त्यावर हाच गेम पार बदलून जातो: दोन ओळी, तीन-तीन बटणं, आर्केडसारखीच. माझं मत विचाराल तर मांडणीच्या बाबतीत तो निन्टेंडोच्या पॅडपेक्षा सरस आहे. तीन बटणी पॅडवर खेळून सेगाच्या व्हर्जनला नावं ठेवणारे लोक गेमला नाही, पॅडला नावं ठेवत असतात. पीसी इंजिनचंही तसंच, नेहमीचा पॅड दोन बटणांचा, सहा बटणांचा वेगळा घ्यावा लागतो. सॅटर्नच्या पॅडवर सहा बटणं समोरच असतात, त्यामुळे तिथे प्रश्नच उरत नाही. गेमबॉय ॲडव्हान्सवर २००१ला आलेल्या ‘रिव्हायव्हल’ला मिळून चारच बटणं, तेव्हा सहा फटक्यांना सहा जागा नाहीतच. मोबाइलच्या काचेवर हा गेम खेळून कोणी मत देत असेल तर त्याला हसून मान डोलवा आणि पुढे चला.

आता हाताची चाचणी. दुसरा पॅड जोडून दोघांच्या लढतीचा मोड लावा, समोरचा पुतळ्यासारखा उभा ठेवा आणि रियू घ्या.

उजवीकडे तोंड करून दहा हाडोकेन, मग उडी मारून पलीकडे जा आणि डावीकडे तोंड करून दहा. किती निघाले ते लिहा. दोन बाजूंच्या आकड्यांत मोठा फरक पडला तर तो बहुधा तुमच्या पॅडचा किंवा तुमच्या सवयीचा आहे, व्हर्जनचा नाही, आणि तो आधी वजा करायला हवा.

मग जवळ जाऊन खाली बसा, मध्यम लाथ मारा आणि पाय मागे यायच्या आत हाडोकेनची दिशा फिरवून ठोसा दाबा. जमलं तर लाथेची उरलेली हालचाल मध्येच तुटते आणि गोळा लगेच सुटतो. समोरच्याला सावरायला वेळ मिळत नाही. याला कॅन्सल म्हणतात आणि या गेमच्या कॉम्बोंचा, म्हणजे जोडून मारलेल्या फटक्यांचा, तो कणा आहे. आर्केड व्हर्जनवर याची चांगली सवय करून घ्या, मग तीच जोडी तुलनेच्या व्हर्जनवर मारा. दिशा जरा उशिरा फिरवली तरी चालते का, की तिथे गेम जास्त कडक आहे, हे बोटांना समजेल. नक्कल किती इमानदार आहे ते इथे कळतं, पार्श्वभूमीतल्या रंगांत नाही.

तिसरी चाचणी गायल या फायटरची. मागे धरून थांबायचं, मग पुढे आणि ठोसा, की सोनिक बूम (त्याचा फेकायचा वार). किती वेळ मागे धरावं लागतं, ते दोन्ही व्हर्जनांवर कमी-कमी करत न्या आणि कुठे बूम निघायचा थांबतो ते बघा.

पायरी ४: वेग

आर्केडचा बोर्ड सेकंदाला जवळपास ६० चित्रं दाखवतो. जपान-अमेरिकेची यंत्रं ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथे हिशेब जुळतो. युरोप आणि भारत पाल पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झ. त्या काळचे बरेच गेम पालसाठी काही न बदलता तसेच काढले जायचे, आणि मग सगळा खेळच सुमारे १७ टक्के संथ चालायचा, वर-खाली काळ्या पट्ट्यांसकट. म्हणून माळ्यावरचा मेगा ड्राइव्ह काढलात तर आधी तो आणि कार्ट्रिज कोणत्या पद्धतीचे आहेत ते तपासा. पाल यंत्रावर खेळून ‘सेगाचं व्हर्जन आर्केडपेक्षा मंद आहे’ असं लिहू नका. सोपी तपासणी: गेममधलं ९९ सेकंदांचं घड्याळ मोबाइलच्या स्टॉपवॉचशी लावून बघा. गेमचा ‘सेकंद’ खऱ्या सेकंदाएवढा नसतोच, पण दोन व्हर्जनांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

टर्बोचा वेग ताऱ्यांत मोजतात. सुपर निन्टेंडोच्या ‘टर्बो’त नेहमीच्या मार्गाने चार तारे मिळतात, आणि दुसऱ्या पॅडवरून चीट कोड टाकला तर दहापर्यंत जाता येतं. दहा ताऱ्यांवर एकदा खेळून बघा, हसू येईल. पण तुलना करताना दोन्हीकडे एकच वेग हवा, आणि तारे सारखे म्हणजे वेग सारखा हे धरून चालू नका. वर सांगितलेली घड्याळाची चाचणी इथेही कामी येते.

आणि टीव्ही. आजचा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, टीव्हीने ५० मिलिसेकंद खाल्ले तर तीन चित्रं गेली, आणि मघाची कॅन्सलची चाचणी निकामी झाली. गेम मोड चालू करा. जमलं तर दोन्ही व्हर्जनं एकाच टीव्हीवर, एकाच सॉकेटमधून खेळा.

पायरी ५: डोळे

आता खुशाल बघा. मूळ बोर्डाचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, सुपर निन्टेंडोचं २५६ बाय २२४. रुंदीत एक तृतीयांश ठिपके गेले, म्हणून तिथले फायटर नव्याने, लहान करून काढावे लागले. पण नेटवरचे स्क्रीनशॉट इथे दगा देतात. दोन्ही चित्रं जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत दाखवायची होती. ३८४ ठिपके तसेच चौकोनी दाखवले की आर्केडचा होंडा हा फायटर आहे त्याहून आडवा दिसतो, आणि लोकांना वाटतं घरच्या व्हर्जनने त्याला बारीक केलं. इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) आधी ४:३ लावा आणि मगच बोला.

बघण्यासारख्या जागा ठरावीक आहेत. धालसिम या फायटरच्या भारतातल्या महालात जा आणि दोन्ही बाजूंचे हत्ती मोजा, मग दुसऱ्या व्हर्जनात मोजा. लढताना जमिनीकडे बघा: आर्केडमध्ये ती पुढेमागे सरकताना खोली असल्यासारखी वाटते. थ्रीडीओचं व्हर्जन बाकी बरंच जवळ जातं, पण तिथे मागच्या दृश्याचे थर वेगवेगळ्या गतीने सरकत नाहीत, आणि एकदा लक्षात आलं की डोळ्याला खुपत राहतं. आर्केडच्या सुरुवातीला रस्त्यावर दोघांची मारामारी दिसते, ती सुपर निन्टेंडोच्या पहिल्या व्हर्जनात नाही. पिंपं फोडायची बोनस फेरीही तिथे काढली आणि तिच्या जागी विटा फोडायची फेरी घातली. जागेची काटकसर, दुसरं काय.

पायरी ६: कान

पहिल्या तीन आर्केड आवृत्त्या आणि मेगा ड्राइव्ह, दोन्हींत यामाहाची एफएम चिप (सूर यंत्रातच तयार करणारी) आहे, म्हणून सेगावरच्या संगीताचा पोत मूळच्या जातीचा वाटतो. सुपर निन्टेंडो मुद्रित आवाजांचे तुकडे वापरतो, त्याचं संगीत मऊ आणि भरीव. पण माणसांचे आवाज ऐका: सेगावर ते घसा बसल्यासारखे खरखरतात, निन्टेंडोवर बरेच स्वच्छ. त्यामुळे ‘आवाज कुणाचा चांगला’ याला एक उत्तर नाही. संगीत आणि आरोळ्या वेगवेगळ्या लिहा. शेवटी शक्ती संपत आली की संगीत वेग पकडतं, तो क्षण प्रत्येक व्हर्जनात ऐकाच. थ्रीडीओवर संगीत नव्याने वाजवलेलं आहे. ऐकायला छान, तुलनेला अवघड.

पायरी ७: आजची कलेक्शन्स कुठे बसतात

नव्वदच्या दशकातली व्हर्जनं नव्याने लिहिलेले प्रोग्रॅम होते. आजची बरीचशी मूळ आर्केडचाच प्रोग्रॅम चालवतात. २०१८चं ‘थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ घ्या: बारा गेम, त्यांत वर सांगितलेल्या पाचही आर्केड आवृत्त्या, पीएस ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि पीसीवर. घरबसल्या तुलनेचा मापदंड म्हणून मी हेच सुचवेन. बारापैकी चारच गेम ऑनलाइन खेळता येतात, पण आपल्या कामाला त्याची गरज नाही.

‘हायपर स्ट्रीट फायटर २’ ही वेगळीच गंमत आहे. तिच्यात प्रत्येक फायटर पाचांपैकी हव्या त्या आवृत्तीतला घेता येतो. ‘वर्ल्ड वॉरियर’चा गायल ‘सुपर टर्बो’च्या रियूशी लढवता येतो. २०२२च्या ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’मध्ये ती आहे. आवृत्त्यांतला फरक हाताला पटकन समजावा म्हणून उत्तम, पण खालचा पाया ‘सुपर टर्बो’चा असल्याने तिला मापदंड धरू नका. २००८च्या ‘एचडी रीमिक्स’मध्ये चित्रंही नवी आणि काही डावांच्या दिशाही सोप्या केलेल्या; तिथे क्लासिक मोड लावल्याशिवाय चाचणी घेऊ नका. स्विचवरच्या २०१७च्या ‘अल्ट्रा’त जुनी चित्रं लावता येतात, पण ईव्हिल रियू आणि व्हायोलंट केन मुळात कुठल्याच आर्केड आवृत्तीत नव्हते.

हौस फारच वाढली आणि अस्सल बोर्ड घ्यावासा वाटला, तर पहिल्या तिघांपैकी घ्या. ते सीपीएस-१वर आहेत. ‘सुपर’ आणि ‘सुपर टर्बो’च्या सीपीएस-२ बोर्डावर एक बॅटरी असते आणि प्रोग्रॅमची किल्ली तिच्या जिवावर साठवलेली असते, बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड गप्प बसतो. तो पुन्हा जागा करता येतो, पण ते नवशिक्याचं काम नव्हे. तेव्हा विकणाऱ्याला बोर्ड चालू करून दाखवायला लावा आणि बॅटरी शेवटची कधी बदलली ते पैसे देण्याआधी विचारा.